तीन इंच

फोर्ट कॉलिन्समध्ये कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानाबाहेर पिकअप ट्रकांची रांग लागलेली असते. त्यातले बरेचसे कारखान्यातून निघाले तेव्हापेक्षा उंच केलेले असतात, कोणी दोन इंच, कोणी सहा. इथे हे इतकं सवयीचं झालंय की मूळ उंचीचा ट्रकच बसका वाटतो. मी घेतला तोही उंचच होता. आधीच्या मालकाने तो पुढून तीन इंच आणि मागून दीडेक इंच वर घेऊन त्याला तेहेतीस इंची टायर चढवले होते. जाहिरातीत त्याने या उंचीचे वेगळे पैसे लावले होते, आणि तेव्हा मला ते रास्तच वाटलं.

मला ट्रक लागत होता कामापायी. ओढ्या-नद्यांचं पाणी मोजणं हा माझा व्यवसाय. २०२० मध्ये इथल्या कॅमेरॉन पीकच्या वणव्यात दोन लाख आठ हजार एकरांहून जास्त जमीन जळली. कोलोराडोच्या नोंदींतला तो सगळ्यांत मोठा वणवा. जळलेली माती पाणी धरत नाही. पुढच्याच वर्षी जुलैत ब्लॅक हॉलो ओढ्याला असा लोंढा आला की त्यात चार माणसं गेली. त्यानंतर पूडर नदीच्या वरच्या अंगाला लहान लहान ओढ्यांवर पातळी टिपणारी यंत्रं बसवायचं आणि सांभाळायचं काम वाढलं, आणि त्यातलं थोडं आमच्या छोट्या कंपनीकडे आलं. तिथवर जाणारे रस्ते फॉरेस्ट सर्व्हिसचे, खडीचे. पिंग्री पार्ककडच्या रस्त्यावर तर उन्हाळ्यात वाहनांनी आडव्या वळ्या पडतात. त्यांना इथे वॉशबोर्ड म्हणतात. त्यावरून तासभर गेलं की डॅशबोर्डवरचा प्रत्येक स्क्रू वेगळा ऐकू येतो. अशा रस्त्यांवर उंच ट्रक बरा, हा हिशेब सरळ होता.

एका उन्हाळ्यात आई आणि अण्णा साताऱ्याहून आले होते. आईला ट्रकात चढायला स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल लागायचं. पहिल्या दिवशी ती स्टुलावर उभी राहून म्हणाली, "अगं, ही गाडी आहे का माडी?" अण्णा चढलेच नाहीत. ते वाकले. एस.टी.च्या सातारा डेपोत आयुष्य गेलेला माणूस. गाडी दिसली की ती कुठल्या कंपनीची हे विचारायच्या आधी खालून बघणार. पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसून त्यांनी हात आत घातला आणि बोटं काळीकुट्ट करून बाहेर काढली.

"हे ग्रीस आहे. कधीपासून उडतंय?"

मला ठाऊक नव्हतं. चाक बाहेरून स्वच्छ दिसत होतं. आतून मात्र रिमच्या कडेला, ब्रेकच्या कॅलिपरवर आणि शॉकअपच्या नळीवर काळ्या ग्रीसचा गोल पट्टा उमटला होता आणि त्याला रस्त्याची धूळ चिकटून जाड खपली धरली होती. आम्ही फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर अंथरला आणि दोघं त्यावर आडवे झालो. ट्रक उंच असल्याचा एवढा एक फायदा खरा, जॅक न लावता खाली शिरता येतं.

डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारा एक्सल साधारण आडवा असायला हवा. आमचा उतरणीला लागला होता. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यावर चुण्याचुण्यांचा रबरी बूट, हार्मोनियमच्या भात्यासारखा. चाक वर-खाली झालं, वळलं, तरी बुटाने आतलं ग्रीस धरून ठेवायचं आणि बाहेरची धूळ आत येऊ द्यायची नाही. एक्सल तिरका झाला की बुटाच्या एका बाजूच्या चुण्या ताणल्या जातात आणि दुसऱ्या बाजूच्या एकमेकींवर दाबल्या जातात. एक्सल फिरतो तशी प्रत्येक चुणी एका फेरीत एकदा ताणली जाते आणि एकदा शेजारणीवर घासते. आमच्या बुटाच्या दोन चुण्यांमधलं रबर घासून घासून कागदाएवढं झालं होतं आणि एका जागी बोटाच्या पेराएवढी चीर गेली होती. अण्णांनी नखाने ती उघडली. आतल्या ग्रीसमध्ये वाळू होती. चिमटीत घेतल्यावर कचकच लागली.

आत असतो तो रझेप्पा जॉइंट. आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. बाहेर एक वाटी, आत एक गोळा, दोन्हींवर खोबणी आणि त्या खोबणींतून फिरणाऱ्या सहा पोलादी गोळ्या. चाक कितीही वळलं तरी वेग एकसारखा पोचतो, झटके बसत नाहीत. १९५९ च्या मिनीमध्ये हा सांधा होता, आणि पुढची चाकं ओढणाऱ्या आपल्या मारुती ८०० मध्येही हीच जात. वळण घेताना हा सांधा मोठा कोन सहज सोसतो, पण तेवढ्यापुरताच. सरळ हायवेवर तासन् तास तिरकं राहून फिरणं हे त्याच्या नेहमीच्या कामात धरलेलं नव्हतं. तिरक्या सांध्यात गोळ्या खोबणीत सतत पुढे-मागे सरकतात, त्यातून उष्णता होते, ग्रीस पातळ होतं आणि चीर सापडली की भिरकावलं जातं.

मी तर चार चाकांची ताकद क्वचितच लावायचे. मग पुढच्या एक्सलची एवढी झीज कशी? कारण आमच्यासारख्या ट्रकात पुढचे एक्सल चाकांशी कायमचे जोडलेले असतात. ताकद फक्त मागच्या चाकांना जात असली तरी पुढची चाकं फिरली की ते फिरतातच. जुन्या ट्रकांना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायची कळ असायची. ती मोकळी सोडली की चाक फिरे आणि एक्सल निवांत राही. त्यासाठी चिखलात उतरावं लागायचं, म्हणून लोकांना ती नकोशी झाली. सोय झाली, पण मूळ उंचीला ती फुकट पडते आणि उंच केलेल्या ट्रकात तिचं भाडं रोज बुटाकडून वसूल होतं.

आमच्या ट्रकाची उंची वाढवायला वापरलेली वस्तू हाताच्या तळव्यावर मावेल एवढी होती. पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या डोक्यावर, चासी आणि शॉकअप यांच्यामध्ये बसवलेली दीड इंच जाडीची धातूची चकती. दीड इंचाची चकती आणि उंची तीन इंच, हे कोडं मला सुटेना. अण्णांनी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढून दाखवलं: शॉकअप खालच्या हातावर साधारण मध्यावर टेकतो, चाक टोकाला असतं; मध्यावर दीड इंच ढकललं की टोक तीन इंच जातं. चकती स्वस्त आणि दुपारभरात बसते. तिच्यामुळे स्प्रिंग बदलत नाही, शॉकअप बदलत नाही. बदलतात ते बाकीच्या सगळ्यांचे कोन. खालचा हात, वरचा हात, एक्सल, स्टिअरिंगचे टाय रॉड, सगळे तीन इंचांच्या उताराला लागतात, आणि यातल्या कोणालाच नवीन भाग मिळालेला नसतो. सहा इंचांच्या महागड्या किटमध्ये निदान डिफरन्शियल आणि खालचे हात कंसांवर खाली उतरवतात, म्हणजे एक्सलचा कोन मूळच्या आसपास राहतो. म्हणून सहा इंच नीट वाढवलेला ट्रक तीन इंच चकतीवर चढवलेल्या ट्रकापेक्षा एक्सल कमी खाऊ शकतो. ऐकायला उलटं वाटतं, पण खाली आडवं झालं की लगेच पटतं.

एक्सल काढायचा दिवस मोठा होता. हबचा नट ३५ मिलिमीटरचा, त्यात कॉटर पिन गंजून एकजीव झालेली. नवऱ्याला ब्रेकवर पाय दाबून बसवलं, अण्णांनी पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि मी त्यावर लोंबकळले. नट सुटल्याचा आवाज शेजारच्या कुत्र्यालाही कळला. आतलं टोक डिफरन्शियलमध्ये एका बारीक सर्क्लिपने अडकलेलं असतं. पहार लावून झटक्यात उपसावं लागतं आणि तेही ऑइल सीलला धक्का न लावता. बसवताना त्या सर्क्लिपचं उघडं तोंड खालच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने मध्यावर राहते आणि एक्सल आत सरकतो. अण्णांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. एस.टी.च्या बसला असा एक्सल नसतोच. तरी दोनदा ठोकून तो बसेना तेव्हा त्यांनी सर्क्लिप फिरवली, पितळी पंच ठेवून एक घाव घातला, आणि खट्‌ आवाज आला.

डाव्या बाजूच्या सांध्याच्या खोबणी धुऊन बघितल्या तर अजून चकचकीत होत्या, म्हणून नवा बूट आणि नवं ग्रीस यावर भागलं. उजव्या बाजूला मात्र बूट बाहेरून धड दिसत असूनही सांधा पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना कट्‌ कट्‌ करत होता. उघडला तेव्हा खोबणींत बारीक खड्डे पडलेले. तो बदलणं भाग होतं. शंभर-दीडशे डॉलरला मिळणारा नवा एक्सल लावला, तर तो हायवेच्या वेगाला थरथरायला लागला. कोणत्या कंपनीचा होता ते सोडून देऊ. शेवटी मूळचाच, पण दुरुस्त करून विकायला ठेवलेला एक्सल आणला तेव्हा थरथर गेली. जाणकार इथे हेच सांगतात: मूळ एक्सलच्या खोबणी शाबूत असतील तर बूट बदला, एक्सल फेकू नका.

अण्णांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. ते टॉर्च घेऊन ट्रकाखालून फिरत होते आणि विचारत होते, "याला ग्रीस निपल कुठंय?" निपल नव्हताच. एस.टी.च्या बसला पुढे अखंड एक्सल, त्याखाली पाटे, चाक वळतं ते किंग पिनवर, आणि प्रत्येक पिनेला ग्रीस निपल. गन लावायची आणि जुनं ग्रीस कडेने बाहेर पडेपर्यंत दाबायचं, हे त्यांच्या हाताला लागलेलं. इथे त्या पिनांच्या जागी बॉल जॉइंट, तेही सीलबंद. कारखान्यात भरलेलं ग्रीस हेच त्याचं आयुष्यभराचं ग्रीस. "म्हणजे ग्रीस संपलं की आयुष्य संपलं," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ पाटे किती चांगले यावर बोलत राहिले. पाट्यांवरच्या बसने मी सातारा-पुणे केलेलं आहे. माझ्या पाठीचं मत वेगळं आहे.

पण बॉल जॉइंटबद्दल ते बरोबर होते. खालच्या हाताखाली जॅक लावून स्प्रिंगचा भार काढला, टायरखाली पहार सरकवली आणि हळूच उचकली. माझं बोट वरच्या बॉल जॉइंटच्या सांध्यावर होतं. तिथे हललं. दिसलं नाही, पण बोटाला कळलं. जॉइंटच्या दांड्याने स्वतःच्या वाटीची कड चाटून पांढरी केली होती. ट्रक तीन इंच वर गेला म्हणजे वरचा हात तेवढा खाली झुकला. वॉशबोर्डवर चाक उसळून खाली लोंबकळलं की दांडा वाटीच्या कडेवर टेकायचा, आणि मध्ये चिमटलेलं रबर फाटायचं. आत पाणी गेलं, ग्रीस धुतलं, गंज चढला. हा जॉइंट एक दिवसात जात नाही. आधी खड्ड्यात एक बारीक टक्‌ ऐकू येते, आणि माणूस रेडिओ मोठा करतो.

टायरनेही सांगून ठेवलेलं होतं, पण मी हात फिरवून बघितलं नव्हतं म्हणून कळलं नाही. तळवा टायरच्या नक्षीवरून आतून बाहेर नेला की गुळगुळीत, बाहेरून आत आणला की प्रत्येक ठोकळ्याची धार टोचायची. डोळ्यांना टायर अर्धा नवा दिसत होता. ही झीज टो बिघडल्याची, म्हणजे दोन्ही चाकं समोर बघायच्या ऐवजी थोडी तिरकी बघत होती. शिवाय स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नव्हतं. ते कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल, कमी झाल्याचं लक्षण. जिथे तीनेक अंश हवा तिथे यंत्रावर एकच्या आसपास आला. हायवेवर वाऱ्याचा झोत आला की ट्रक लेनमध्ये भटकायचा आणि मी दोन्ही हातांनी त्याला धरून ठेवायचे. ट्रक मोठा आहे म्हणून असं होतं, अशी मी समजूत करून घेतली होती.

अलाइनमेंटला नेला तर तिथल्या मुलाने दहा मिनिटांत बाहेर येऊन मान हलवली. कॅम बोल्ट जाम. खालचा हात चासीला ज्या बोल्टने धरलेला असतो, त्याला मध्य बाजूला सरकलेली चकती असते; तो फिरवला की चाकाचा कोन बदलतो. आमचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून धरले होते. कोलोराडोत हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, बर्फ धरू नये म्हणून. आमच्या लारिमर काउंटीत उन्हाळ्यात खडीच्या रस्त्यांवरही तेच मारतात, धूळ बसावी म्हणून. ते ओलावा धरून ठेवतं आणि बोल्टच्या फटीत शिरलं की सोडत नाही. भेदक तेल, गॅसची ज्योत, हातोडा, सगळं झालं. शेवटी त्या मुलाने करवतीचं लांब पातं बुशच्या दोन्ही बाजूंना घालून बोल्ट कापले. दोन्ही बाजूंचे बोल्ट, बुश, कापायची मजुरी. उंची वाढवणाऱ्या त्या चकतीच्या किमतीच्या कितीतरी पट बिल तिच्या आजूबाजूच्या वस्तूंचं झालं. तेव्हापासून नव्या कॅम बोल्टला जाड अँटी-सीझ फासल्याशिवाय मी ते बसवू देत नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला घोडे पाळणारा एक शेजारी आहे. त्याच्याकडे मोठा डिझेल पिकअप. त्याचं काम वेगळं: पुढेही अखंड एक्सल, कॉइल स्प्रिंगवर, सहा इंच चढवलेला, सदतीस इंची टायर. त्याच्या ट्रकाला बूट फाटण्याची चिंता नाही. त्याची चिंता मी त्याच्या शेजारी बसून अनुभवली. घोड्यांचा मोकळा ट्रेलर आणायला आम्ही वेलिंग्टनकडे निघालो होतो. आय-२५ वर पुलाच्या जोडावर डाव्या चाकाला एक हिसका बसला आणि त्यानंतर अख्खा ट्रक डावी-उजवीकडे थडथडायला लागला. स्टिअरिंग त्याच्या हातांतून इतक्या वेगाने मागेपुढे झटके खात होतं की त्याची मनगटं दिसेनात. वरच्या कप्प्यातले कागद माझ्या मांडीवर. त्याने ब्रेक दाबला नाही. पाय काढून घेतला, स्टिअरिंग घट्ट पण अडकवून न धरता ट्रक कडेला येऊ दिला, आणि वेग उतरला तशी थडथड एका क्षणात थांबली, काही झालंच नव्हतं असं. याला डेथ वॉबल म्हणतात. तो कडेला उभा राहून शांतपणे म्हणाला, स्टिअरिंग डॅम्पर नवा टाकलाय, तरी होतंय.

घरी आल्यावर मी त्याला ट्रकाखाली झोपवलं नाही, मीच झोपले, तो साठीचा. अण्णा सांगायचे ती तपासणी केली. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, आणि त्याने स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं. अखंड एक्सलला चासीखाली डावी-उजवीकडे धरून ठेवतो तो ट्रॅक बार, एक आडवा दांडा. स्टिअरिंग हललं की आधी दांड्याचं चासीकडचं टोक हलायचं आणि मग चाकं. बोल्ट घट्ट होता. पण ट्रक उंच केल्यावर ट्रॅक बार फार तिरका होऊ नये म्हणून त्याला जो खाली उतरवणारा कंस लावला होता, त्यातलं भोक गोल राहिलं नव्हतं. लांबट झालं होतं, आणि त्यात बोल्ट मिलिमीटरभर सरकत होता. तेवढं पुरतं. सदतीस इंची टायरचं वजन आणि पुलाचा हिसका मिळाला की ते एवढंसं मोकळेपण मागे-पुढे वाढत जातं. नवा डॅम्पर हे लपवतो, थोडे दिवस. कंस बदलला, नवा बोल्ट योग्य ताकदीने आवळला, टाय रॉडचं एक टोकही बदललं, आणि मग थडथड परत आली नाही.

उंचीचं हे वेड अमेरिकेत पन्नासेक वर्षांचं. सेंट लुईसचा बॉब चँडलर याच्या १९७४ च्या फोर्ड एफ-२५० वरून पुढे बिगफूट नावाचा पहिला मॉन्स्टर ट्रक झाला. टायर मोठे लावले की एक्सल मोडायचा, मग तो आणखी जाड एक्सल लावायचा, लष्करी गाड्यांचेसुद्धा, मग आणखी मोठे टायर. निदान तो एक्सल बदलत होता! पुढून उंच आणि मागून बसका असा एक प्रकार तर इतका फोफावला की नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ मध्ये कायदा करून पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच ठेवायला बंदी घातली. ड्रायव्हरला समोरचा माणूसच दिसेना.

मला मात्र माझ्या खडीच्या रस्त्यांवर ट्रक किती उंच लागतो, हे मोजूनच ठरवायचं होतं. पाण्याची पातळी मोजणाऱ्या बाईला टेप नवा नाही. मूळचे २६५/७०आर१६ टायर ३०.६ इंची, त्यांच्या जागी बसवलेले २८५/७०आर१७ हे ३२.७ इंची. म्हणजे मधला धुरा एक इंच वर गेला. दगड लागतो तो खालच्या हाताच्या टोकाला, जिथे बॉल जॉइंट आहे, आणि ते टोक टायरने दिलेल्या त्या एका इंचाखेरीज कणभरही वर गेलेलं नव्हतं. चकतीने दिलेले तीन इंच गेले बंपर, दरवाजा आणि चासीला. उताराला लागताना बंपर घासत नाही, हे खरं. त्यासाठी दोन इंच पुरतात. आणि मोठ्या टायरमुळे मीटर साठ मैल दाखवत असताना मी चौसष्टने जात असायचे, ते वेगळंच.

म्हणून चकत्या काढल्या. त्याऐवजी नवे शॉकअप आणि स्प्रिंग बसवून ट्रक दोन इंचांच्या आत आणला, वरचे हात वेगळ्या घडणीचे घेतले, ज्यांत कॅस्टर भरून निघतो आणि बॉल जॉइंटला ग्रीस निपल आहे. ते बघून साताऱ्याला परतलेल्या अण्णांनी व्हिडिओ कॉलवर फोन जवळ न्यायला लावला आणि निपलची टोपी आहे का ते विचारलं. होती. आधीच्या मालकाने बसवलेल्या, टायर बाहेर काढणाऱ्या रुंद चाकांच्या जागी मूळच्यासारखी चाकं बसवली. चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर ताण वाढतो, आणि माझ्या उजव्या बेअरिंगची घरघर वळणावर वाढायची ती याचमुळे. एक्सल आता पूर्ण आडवा नाही, पण उतरणीलाही लागलेला नाही. बुटाच्या चुण्या एकमेकींपासून सुट्या दिसतात.

इथल्या मराठी मंडळातल्या गणपतीच्या सामानाच्या निमित्ताने ट्रकवाल्यांची गाठ पडते. ढोल चढवायला कोणाच्या ट्रकाचा मागचा फाळका खाली आहे, हे तिथे चटकन कळतं. गेल्या वर्षी तिथेच एकाने मला गाठलं. लव्हलँडला एक पिकअप बघितलाय, चार इंच उंच, टायर एकदम भारी, ताई, जरा येऊन बघाल का? मी टॉर्च, पहार आणि पुठ्ठा घेऊन गेले. विकणारा गृहस्थ आधी हसला आणि मी खाली शिरल्यावर हसायचा थांबला. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं होतं, दोन्हीकडे. बुटावर कोणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. टायरवर हात फिरवला तर धार. कॅम बोल्टवर पाना लावू देईना. मी बाहेर येऊन सगळं एकेक करून सांगितलं, किंमत किती उतरवून मागायची तेही सांगितलं आणि घेऊ नका असंही सांगितलं.

त्याने घेतला. मुलाला उंच ट्रक हवा होता आणि त्या मुलाचा चेहरा मी बघितला होता, त्यामुळे फार वाद घातला नाही. किंमत मात्र मी सांगितली तेवढीच उतरवून घेतली. उजवा एक्सल आम्ही दिवाळीच्या आधल्या शनिवारी काढला. मुलगा ब्रेकवर पाय दाबून बसला होता. डावा अजून बाकी आहे, आणि कॅम बोल्टचं बिल त्याच्या वडिलांना अजून आलेलं नाही.